'मुद्दाम थोडंच केलं?' : दिवाणी आणि कौटुंबिक कोर्टात हेतूला भाव किती?

ओसरी (धागाकर्ती)

आमच्या सोसायटीत वळवाच्या वादळात चौथ्या मजल्यावरच्या कठड्यावरची कुंडी खाली लावलेल्या गाडीवर पडली. पुढची काच गेली, बॉनेटला पोचा आला. गाडीत कोणी नव्हतं हे नशीब. सभेत कुंडीवाल्या काकांचं एकच पालुपद, "मी मुद्दाम थोडीच ढकलली? वारा होता." गाडीवाला म्हणाला, "मग वाऱ्याच्या नावाने बिल फाडू का?" सरळ दोन तट पडले. काकांचा तट मोठा, कारण काका सज्जन आहेत, गणपतीत मंडपात राबतात.

दुसरी गोष्ट याच दिवसांतली. नात्यातल्या एका मुलीने घटस्फोटाचा अर्ज केलाय. नवऱ्याने कैफियतीत लिहिलंय की मी तापट आहे, घालूनपाडून बोलतो, पण तिला छळावं असा हेतू कधीच नव्हता. आमच्याकडची जुनी मंडळी एवढ्यावर विरघळली. "बघा, मनाने वाईट नाही तो."

दोन्हीकडे बचाव एकच. खुनाच्या खटल्यात हेतू लागतो हे मालिका बघून सगळ्यांना ठाऊक आहे. पण नुकसानभरपाई, घटस्फोट, पोटगी, अपघाताचा क्लेम, इथे 'मनात काय होतं' हे कोर्ट विचारतं का? इथे वकील मंडळी आहेत म्हणून धागा काढतेय. लिंका नकोत, जरा उलगडून सांगा.

खडूस_पेठकर

सज्जनपणाचा दाखला कोर्टात चालत नाही. काकांना म्हणावं काच भरून द्या, पुढच्या सभेचा चहा तरी वाचेल.

बाकी वकिलांना आवतण दिलंय म्हणजे धागा शंभरी गाठणार. खुर्ची टाकून बसलोय.

दिवाणी_दावा

ओसरीताई, आज कोर्टाला सुट्टी आहे, त्यामुळे तुकड्यातुकड्याने लिहितो.

आधी कुंडी. निष्काळजीपणाच्या दाव्यात काकांच्या मनात डोकावायचं कारणच नसतं. त्यांच्या जागी एखादा साधारण समजदार माणूस असता तर त्याने जाळी नसलेल्या कठड्यावर, खाली गाड्या उभ्या राहतात तिथे, कुंडी ठेवली असती का, एवढंच बघायचं. 'नसती' असं उत्तर आलं की खर्च काकांचा. मुद्दाम ढकलली असती तर शिवाय पोलीस आले असते, इतकाच फरक.

वरून वस्तू पडण्याचा गाजलेला खटला 1863 चा, लिव्हरपूलचा. रस्त्याने चाललेल्या माणसावर पिठाच्या व्यापाऱ्याच्या वरच्या खिडकीतून पिठाचं पिंप पडलं. ते कसं सुटलं, कोणाच्या हातून सुटलं, याला साक्षीदार नाही. व्यापाऱ्याची बाजू अशी की आमची चूक आधी सिद्ध करा. कोर्टाचं म्हणणं, पिंपं आपली आपण खिडकीतून पडत नसतात, तेव्हा काय झालं ते आता तुम्ही सांगा. 'घटनाच बोलते' हे तत्त्व त्या निकालाने रूढ झालं आणि आपल्याकडेही सर्रास वापरलं जातं.

पण वरून काहीही पडलं की भरपाई, असंही नाही. राजकोटमध्ये रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून एक माणूस गेला. घरच्यांना खालच्या कोर्टांत महापालिकेकडून भरपाई मंजूर झाली, पण सुप्रीम कोर्टाने 1997 मध्ये ती फिरवली. झाड पडेल हे आधी कळण्यासारखं नव्हतं आणि प्रत्येक झाडावर अशी नजर ठेवण्याचा बोजा पालिकेवर टाकता येत नाही, असा सूर. मला व्यक्तिशः हा निकाल कधीच पचला नाही. झाडाखालून जाणाऱ्याने तरी ते कसं ओळखायचं? असो. तुमच्या काकांना त्याचा उपयोग नाही, कारण वळवाचं वादळ दरवर्षी येतं.

डॉ_गल्लीतला

म्हणजे पेशंट दगावला की 'घटनाच बोलते' म्हणायचं आणि आमच्या गळ्यात भरपाई मारायची? आम्ही कोणाला मारायला बसलेलो नसतो. या धंद्यात हेतू चांगला असणं हेच भांडवल आहे.

दिवाणी_दावा

डॉक्टर, तसं नाही. उपचार फसला म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही, अंदाज चुकला म्हणूनही नाही. पण चांगला हेतू हा बचाव मात्र नाही, आणि याचा जुना दाखला आपल्याच मातीतला आहे.

मे 1953. रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका मुलाचं मांडीचं हाड मोडलं. गावात फळ्या बांधल्या आणि टॅक्सीने पुण्याला आणलं. वडील स्वतः दौंडला डॉक्टर. पुण्यातल्या सर्जनने पूर्ण भूल न देता, माणसं लावून पाय ओढून हाड बसवलं आणि प्लॅस्टर घातलं. अपघात 6 तारखेचा, 9 तारखेला मुलगा गेला. सर्जनचं म्हणणं होतं की मॉर्फियाचं इंजेक्शन दिलं होतं आणि मृत्यूचं कारण वेगळं आहे. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने हा खटला 1968 मध्ये सुप्रीम कोर्टात संपला, सर्जनच्या विरोधात. भरपाई किती? 3,000 रुपये. वडील पंधरा वर्षं पैशासाठी लढले नसणार हे उघड आहे.

त्या सर्जनला मुलगा मरावा असं वाटत होतं, असं कोणी म्हटलंच नव्हतं. कोर्टाने तीन गोष्टींत काळजी मागितली: केस हातात घ्यावी की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना आणि तो देताना. तिसरीत ते कमी पडले.

'घटनाच बोलते' कुठे लागतं ते औरंगाबादच्या खटल्यात दिसतं. 1963 मध्ये सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात टॉवेल राहिला. बाई वाचली नाही. तो टॉवेल नक्की कोणाच्या हातून राहिला यावर बरीच वर्षं काथ्याकूट झाला. सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये सांगितलं की पोटात टॉवेल सापडणं हाच पुरावा, आणि नोकरांच्या चुकीची भरपाई राज्य सरकारने द्यायची.

तुम्हाला दिलासा वेगळीकडे आहे. जेकब मॅथ्यू खटल्यात (2005) कोर्टाने स्पष्ट केलं की डॉक्टरला फौजदारीत गुंतवायचं तर निष्काळजीपणा ढोबळ, अगदी टोकाचा हवा. भरपाईसाठी साधा निष्काळजीपणा पुरतो.

डॉ_गल्लीतला

पालशेतची केस आम्हाला फॉरेन्सिकला होती. तरी तुम्ही सुट्टीच्या दिवशी आठवण करून द्यायला नको होती. वाचनखूण साठवली.

जुना_सर्व्हेअर

विमा कंपनीत नोकरी झाली, त्यामुळे मोटार अपघातांवर माझी दोन आणे भर.

तिथे तर कायद्याने दोषालाच बगल दिलीय. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात 166 व्या कलमाखाली अर्ज केला तर समोरच्याची चूक दाखवावी लागते, मग उत्पन्न, वय, गुणक वगैरे धरून पूर्ण भरपाई. पण 2019 च्या दुरुस्तीनंतरच्या 164 खाली चूक कोणाची हे सांगावंच लागत नाही. मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, ठरलेली रक्कम. गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तर मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार, सरकारी योजनेतून.

लोक 164 वर समाधान मानतात कारण लवकर सुटतं. कमावता माणूस गेला असेल तर घाई करू नका, 166 चा हिशेब आधी मांडून बघा. मात्र उशीरही नको, 2019 च्या दुरुस्तीने त्याला 6 महिन्यांची मुदत घातलीय.

आणि एक. ड्रायव्हरकडे लायसन नव्हतं म्हणून कंपनी हात वर करते तेव्हा घाबरू नका. तिऱ्हाइताच्या बाबतीत 'आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश कोर्टं देतात. 2004 च्या स्वर्णसिंग निकालानंतर आमच्या ऑफिसात वसुलीच्या फायलींचा ढीग लागला होता. मालक येऊन सांगायचे, साहेब मला माहीतच नव्हतं, भाच्याने किल्ली घेतली. ऐकून घ्यायचो आणि फाइल पुढे सरकवायचो.

दिवाणी_दावा

सर्व्हेअरसाहेबांशी सहमत. दोष बाजूला ठेवण्याचं टोक म्हणजे डिसेंबर 1985 मधली दिल्लीची ओलियम वायूची गळती, भोपाळला वर्ष होत असतानाच. त्यावर न्या. भगवतींच्या घटनापीठाने 1986 मध्ये ठरवलं की घातक धंदा करणाऱ्याने कितीही काळजी घेतलेली असो, माणसं मेली तर भरपाई द्यायची, अपवाद नाही. इंग्लंडच्या 1868 च्या नियमात दैवी आपत्ती, तिऱ्हाइताची करणी असे अपवाद होते, तेही इथे उडवले.

चिंचगुळ

कुंडी, टॉवेल, ट्रक झालं. ओसरीने घटस्फोटाचंही विचारलंय. तिकडे यायला पुरुषमंडळी कचरतायत की काय?

दिवाणी_दावा

येतो, येतो. पोटापाण्याचा विषय तोच आहे.

मूळ 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात क्रूरतेवर घटस्फोट नव्हताच. न्यायिक विभक्ती (लग्न कायम ठेवून वेगळं राहायची मुभा) मिळायची, तीही जोडीदाराजवळ राहणं अपायकारक आहे अशी रास्त भीती दाखवली तर. 1976 च्या दुरुस्तीने क्रूरता घटस्फोटाचं कारण झालं आणि भीतीची अट गळली.

त्याच्या अगदी आधीचा, 1975 चा निकाल पुण्याचा: दास्ताने विरुद्ध दास्ताने. लग्न 1956 मधलं, दोघं सुशिक्षित. नवरा बारीकसारीक सूचना देणारा, शिस्तीचा. बायकोबद्दल जे सिद्ध झालं ते वाचवत नाही. रात्री दिवा लावून उशाशी बसून भांडणं, मंगळसूत्र तोडणं, घर पेटवीन म्हणणं, तान्ह्या लेकराच्या जिभेला तिखट लावणं. निकाल न्या. यशवंत चंद्रचूडांचा, तेही पुण्याचे. त्यांनी दोन गोष्टी कायमच्या ठरवून दिल्या. पुरावा फौजदारीसारखा निःसंशय नको, शक्यतेचं पारडं जड झालं की पुरे. आणि आदर्श नवरा, आदर्श बायको अशा मापाने मोजायचं नाही, समोर उभी असलेली ही दोन माणसं बघायची.

गंमत अशी की क्रूरता सिद्ध होऊनही नवरा हरला. त्या सगळ्या प्रकारानंतर दोघं एकत्र राहिली, मूल झालं, म्हणजे त्याने माफ केलं असं धरलं गेलं. कायद्यातलं 23 वं कलम आजही तेच सांगतं.

आता तुमच्या कैफियतीकडे. 'छळायचा हेतू नव्हता' याचं उत्तर 1988 च्या शोभाराणी खटल्यात मिळतं. बायको शिकलेली, नवरा डॉक्टर. सासरची माणसं पैसे मागत होती. नवऱ्याने पत्रात लिहिलं होतं की माझ्या आईवडिलांनी काही हजार मागितले त्यात गैर काय, हे सगळीकडे चालतं. हायकोर्टालाही त्यात फारसं वावगं दिसलं नव्हतं. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की क्रूरतेला हेतू लागत नाही. वागणं एरवी क्रूर म्हणावं असं असेल तर 'माझ्या मनात नव्हतं' याने फरक पडत नाही. म्हणजे त्या तापट गृहस्थांची कैफियत एका अर्थी कबुलीच आहे! घालूनपाडून बोलतो हे स्वतःच लिहून दिलंय.

खडूस_पेठकर

हे काही पटलं नाही. हेतू काढून टाकला तर उरतं काय? समोरच्याला काय वाटलं तेवढंच. मग उद्या कोणीही उठून म्हणेल, हा जेवताना आवाज करतो, मला मानसिक त्रास होतो. द्या घटस्फोट.

दिवाणी_दावा

पेठकर, जेवतानाच्या आवाजावर अर्ज घेऊन येणारेही भेटतात, परत पाठवतो. संसारातली रोजची कुरबूर म्हणजे क्रूरता नव्हे, हे समर घोष निकालात (2007) ठासून सांगितलंय. वागणं बराच काळ चाललेलं आणि सोबत राहणं अशक्य करणारं हवं. हेतू गेला तरी वजन राहतंच. आणि हेतू असल्याचं दिसलं तर तेही वजनात धरतात, फक्त तो नसला म्हणून सुटका नाही.

तुमची भीती जिथे रास्त आहे तिथे कायद्याने हेतू ठेवलेला आहे. सासरच्या छळाचं 498-अ कलम (आता न्याय संहितेत 85 आणि 86) फौजदारी आहे, आणि त्यातल्या क्रूरतेच्या व्याख्येत जाणूनबुजून केलेलं वर्तन हवं. म्हणून तोच नवरा फौजदारीतून सुटतो आणि कौटुंबिक कोर्टात हरतो. घरच्यांना वाटतं एक कोणीतरी न्यायाधीश चुकला.

सांजवात

परित्यागाचं पण असंच आहे का? म्हणजे बायको घर सोडून गेली की झालं, कारण काहीही असो?

दिवाणी_दावा

नेमका प्रश्न. परित्यागात उलट आहे, तिथे हेतूशिवाय पान हलत नाही. वेगळं राहणं आणि कायमचं सोडण्याचा मनोदय, दोन्ही एकत्र दोन वर्षं हवेत. शिवाय पुरेसं कारण नसताना आणि संमतीविना.

त्याचा पायाचा निकाल मुंबईचा, 1956 चा, बिपिनचंद्र शाह. तेव्हा मुंबई इलाख्याचा 1947 चा वेगळा घटस्फोट कायदा होता, त्यात परित्यागाला चार वर्षं लागत. नवरा धंद्यासाठी इंग्लंडला गेलेला. परतल्यावर वडिलांनी सुनेचं एक पत्र हातात दिलं, घरातल्या एका स्नेह्याला लिहिलेलं. नवऱ्याने जाब विचारला आणि ती जळगावला माहेरी निघून गेली. मग त्याने सॉलिसिटरची नोटीस धाडली. पुढे माहेरच्यांनी तिला परत पोचवायची तयारी केली तर याने तार केली, पाठवू नका. आणि वर परित्यागाचा दावा लावला!

कोर्टाने म्हटलं, ती गेली तेव्हा शरमेने गेली असेल, पण कायमचं सोडायचं म्हणून गेली हे दिसत नाही. आणि ती यायला तयार असताना दार लावणारा हा. नवरा सुप्रीम कोर्टात हरला. हरवलं त्याच्याच तारेने.

सांजवात, माहेरी जाणं हे एकच कृत्य बाळंतपण असू शकतं, राग असू शकतो, मार चुकवणं असू शकतं, संसार मोडणंही असू शकतं. मन बघितल्याशिवाय त्याला नावच देता येत नाही, म्हणून कोर्ट मन बघतं. शिव्या मात्र शिव्याच असतात, मनात काही का असेना. फसवणुकीलाही हेच लागू. खोटं आहे हे माहीत असून सांगितलं तर करार रद्दही होतो आणि भरपाईही मिळते. प्रामाणिक गैरसमजातून चुकीचं सांगितलं तर साधारणपणे करार रद्द होण्यापुरतं. खोट्या खटल्यात गोवल्याची भरपाई मागायची तर समोरच्याचा आकस दाखवावा लागतो. इतकी वर्षं वकिली करून माझं मत असं झालंय की दिवाणी कायदा हेतू विचारतो तो कृत्य काय होतं हे ठरवायला. माणूस चांगला की वाईट, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

टेम्सकाठी

इंग्लंडने हे सगळं बंद करून टाकलं. 6 एप्रिल 2022 पासून घटस्फोटाला कारणच द्यावं लागत नाही, संसार मोडला असं निवेदन पुरतं. याला एक निमित्त झालं ओवेन्स खटल्याचं. 1978 साली लग्न झालेली बाई 2015 मध्ये वेगळी राहायला लागली, 2018 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने तिला घटस्फोट नाकारला, कारण नवऱ्याचं वागणं पुरेसं वाईट ठरत नव्हतं. न्यायाधीशांनाच ते लिहिताना अवघड वाटत होतं. आपल्याकडे अजून एकमेकांची धुणी धुवावी लागतात, वाईट वाटतं.

दिवाणी_दावा

आपल्याकडेही विधी आयोगाने दोनदा सुचवलंय, 1978 च्या 71 व्या आणि 2009 च्या 217 व्या अहवालात. विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत पास झालं आणि लोकसभा बरखास्त झाल्यावर बारगळलं. 1 मे 2023 च्या शिल्पा शैलेश निकालाने सुप्रीम कोर्ट घटनेच्या कलम 142 खाली मोडलेला संसार संपवू शकतं, पण तो अधिकार फक्त त्यांचा. नाशिकच्या किंवा लातूरच्या कौटुंबिक न्यायालयात आजही एक तर दोघांची संमती हवी, नाहीतर दोष सिद्ध करा.

चिंचगुळ

टेम्सकाठी, धुणी धुणं बंद व्हावं हे ऐकायला गोड आहे. माझ्या बहिणीच्या वेळी 'दोष सिद्ध कर' हीच तिच्या हातातली एकमेव दोरी होती. नवऱ्याला दुसरं लग्न करायचं होतं, घर त्याच्या नावावर, तिची नोकरी त्यांनीच सोडायला लावलेली. ती संमती देईना म्हणून तो टेबलावर आला आणि पोटगीचा आकडा बोलला. बिनदोषी घटस्फोट असता तर तिला निवेदनाची एक प्रत मिळाली असती. तिकडे निम्मी संपत्ती वाटतात, मग दोष काढणं परवडतं.

साष्टीकार

चिंचगुळ यांना अनुमोदन, आणि म्हणूनच गोव्याचं सांगतो. आमच्याकडे 1867 च्या पोर्तुगीज संहितेपासूनची पद्धत, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची समाईक. बायकोचा निम्मा वाटा कोर्टाने दयेने द्यायचा नसतो, लग्नापासूनच तिचा असतो. घटस्फोटाला कारण लागतं ते लागतंच. पण भांडण मालमत्तेवरून उतरलं की कारणांचा आवाजही जरा खाली येतो, असं मी इथे बघतो. समान नागरी कायद्यावर गोव्याचं नाव घेणारे एवढा भाग सोडून सगळं बोलतात.

दिवाणी_दावा

2013 च्या त्या विधेयकात बायकोला आर्थिक हलाखीच्या कारणावर विरोध करायची सोय ठेवलेली होती. चिंचगुळ म्हणतात ती दोरी जराशी शिल्लक राहिली असती.

पोटगीत मात्र दोष पुष्कळ मागे हटलाय. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम 125, आताचं नागरिक सुरक्षा संहितेचं 144. त्यात व्यभिचारात राहणारी किंवा पुरेशा कारणाशिवाय नांदायला न येणारी पत्नी वगळलेली आहे, हे खरं. पण परित्याग केला म्हणून जिच्याविरुद्ध घटस्फोट झाला तिलाही, ती पुन्हा लग्न करत नाही आणि स्वतःला पोसू शकत नाही तोवर, पोटगी मिळते असं रोहताश सिंग निकाल (2000) सांगतो. जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुढचं पाऊल टाकलं: नांदायला जा असा कोर्टाचा हुकूम असून गेली नाही, तरी तेवढ्यावर पोटगी आपोआप जात नाही, कारण बघावं लागेल. रकमेचं गणित नागपूरहून गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने (2020) बांधून दिलंय, दोघांनीही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. त्या तक्त्यात 'कोण वाईट' असा रकाना नाही.

हिंदू विवाह कायद्याच्या 25 खालच्या कायमच्या पोटगीत मात्र 'पक्षकारांचं वर्तन' हे शब्द अजून आहेत.

खडूस_पेठकर

म्हणजे नवऱ्याने सगळीकडून भरायचं. समजलं.

चिंचगुळ

पेठकर, हिंदू विवाह कायद्याच्या 24 (खटला चालू असतानाची पोटगी) आणि 25 खाली नवराही मागू शकतो. बायको कमावती बघा.

रातराणी

वाचनमात्र होते, आज लिहावं लागतंय. चुलत बहीण सातव्या महिन्यात रीतसर ओटी भरून माहेरी आली. मुलगी झाली. बारशाला सासरहून कोणी आलं नाही. नंतर दीर फोनवर म्हणाला, इतक्यात येऊ नका, घराचं काम काढलंय. आता वकिलाची नोटीस आलीय की तुम्ही कारण नसताना घर सोडलं, परित्याग केलात. बाळ अजून बसायला लागलं नाहीये. यात काही तथ्य आहे का? सगळे घाबरून गेलेत.

दिवाणी_दावा

घाबरू नका. बाळ बसायला लागलं नाही म्हणजे दोन वर्षं व्हायला बराच अवकाश आहे, आणि बाळंतपणाला संमतीने येणं हा परित्याग नव्हे. पण निवांतही राहू नका. ही नोटीस आज उपयोगी पडावी म्हणून दिलेली नसते. दोन वर्षांनी दाखवायला कागद तयार करतात.

तिने उत्तर द्यायचं, वकिलामार्फत आणि लेखी. मी बाळंतपणाला आले, नांदायला यायला तयार आहे, घ्यायला कधी येता ते कळवा, हे तीन मुद्दे स्पष्ट हवेत. दिराचा फोन आला ती तारीख, वेळ आणि काय बोलला ते लिहा. बारशाचं आमंत्रण व्हॉट्सॲपवर गेलं असेल तर ते पुसू नका, फोन विकू नका, बदलूही नका. पुढे ते दाखल करताना साक्ष अधिनियमाच्या 63 व्या कलमाचं प्रमाणपत्र लागेल, मूळ फोन असेल तर सोपं जातं. एक मात्र तिने मनाशी आधी ठरवावं. तिला खरोखर जायचं नसेल, तिथे मारझोड असेल, तर 'यायला तयार आहे' असं लिहू नका, कारण लिहा. खोटी तयारी उलटतपासणीत उघडी पडते.

रातराणी

खूप आभार. मारझोड नाही, तिला जायचंय. पण एक अडचण आहे. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या काकांनी, रागाच्या भरात ती नोटीस घेतलीच नाही. पोस्टमनला 'नाकारली' असं लिहायला लावून परत पाठवली. मजकूर जावयाने फोनवर वाचून दाखवला म्हणून कळला.

दिवाणी_दावा

पत्ता बरोबर असेल तर नाकारलेलं रजिस्टर पोस्ट पोचलं असंच कोर्ट धरतं. काकांना सांगा, यापुढे येईल तो प्रत्येक कागद सही करून घ्यायचा, वर तारीख टाकायची. जावयाच्या वकिलाला एका ओळीचं पत्र टाकून नोटिशीची प्रत मागवा, म्हणजे प्रत मागितल्याचाही कागद झाला. प्रत यायची वाट बघत उत्तर लांबवू नका, फोनवर कळलेल्या मजकुरावर उत्तर जाऊ शकतं. आणि ते तिच्या सहीने जाऊ दे, काकांच्या नको.